सीटखालची डबी

माझी बायको माझ्या बाईकवर बसायची बंद झाली ती माझ्यामुळे, हे तिलाही ठाऊक होतं. त्यात माझा वाटा नेमका किती, ते मात्र फक्त मलाच ठाऊक होतं, आणि जवळजवळ तीन आठवडे मी ते कोणाला सांगितलं नाही.

बाईक साडेतीनशे सीसीची, फ्युएल इंजेक्शनवाली. मी नवीन घेतली तेव्हापासून तिला हात लावायचं धाडस केलं नव्हतं. एका रविवारी नाहूरला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मी तिचा कंपनीचा सायलेन्सर उतरवला आणि बाहेरचा बसवला, इंजिनापासून मागच्या टोकापर्यंत अख्खा. मी लिफ्ट मेकॅनिक आहे. वीस वर्षं पाने-पकडी हातात आहेत, तेव्हा चार नटांसाठी गॅरेजवाल्याकडे काय जायचं, असं वाटलं. पाइप जिथे इंजिनाला जोडला जातो तिथे एक धातूची रिंग असते, तिला पॅकिंग म्हणतात. ती एकदा दाबली गेली की पुन्हा वापरायची नसते. हे मला माहीत होतं. पण दुकान बंद होतं आणि मला धीर नव्हता. जुनीच रिंग पुसून परत लावली.

आवाज झकास आला. खालच्या मजल्यावरच्या काकांनी खिडकी लावून घेतली तरी मला हसू आलं.

दोन दिवसांत हसू गेलं. रेस सोडली की मागून फटाके फुटल्यासारखं व्हायचं आणि सिग्नलला थांबलं की पायाला चटका बसायचा. कारण मला वाचून कळलं. नव्या सायलेन्सरमधून धूर मोकळा जातो, म्हणून इंजिनात हवा जास्त येते, पण पेट्रोल किती सोडायचं हे ठरवणारा गाडीतला छोटा कॉम्प्युटर जुनाच हिशोब धरून बसलेला असतो. तो हिशोब बदलून घ्यावा लागतो, ट्यूनिंग करावं लागतं. ते जाणत्या माणसाचं काम. मी मोबाईलवरच्या एका ग्रुपमध्ये विचारलं आणि तिथल्या कोणीतरी सोपा मार्ग सांगितला. काडेपेटीएवढी एक डबी मिळते, ती सीटखाली जोडायची, आणि तिच्यावरचे तीन स्क्रू, खालून वर कमी, मधल्या आणि पूर्ण रेससाठी एकेक, फिरवून पेट्रोल वाढवायचं. पाइपात एक सेन्सर असतो, धूर हुंगून कॉम्प्युटरला खबर देणारा. त्याची वायर काढून टाकायची आणि तिथे एक खोटा प्लग लावायचा, म्हणजे कॉम्प्युटर मध्ये बोलत नाही.

मी तेच केलं. खालचे दोन स्क्रू भरपूर फिरवले, वरच्याला हात लावला नाही. फटाके कमी झाले. मला वाटलं, जमलं.

बायको घाटकोपरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रिपोर्टवर सही करण्याआधी दोनदा बघणारी. तिने विचारलं, "आधी आवाज वेगळा येत होता. नीट आहे ना आता?"

"सर्व्हिस सेंटरला दाखवली ना. त्यांनी सेटिंग करून दिलं," मी म्हणालो.

इतक्या सहज म्हणालो, की माझं मलाच खरं वाटलं.

तिचं माहेर माहुलचं, कोळीवाड्यातलं. सासूबाई अजून रोज सकाळी टोपली घेऊन बाजारात बसतात. पुढच्या रविवारी आम्ही तिघं तिकडे जेवायला गेलो. मी, बायको आणि आमच्या दोघांच्या मध्ये बसलेली दुसरीतली मुलगी. सासूबाईंना नवा आवाज अजिबात आवडला नाही. दारातूनच म्हणाल्या, "ती गारी माज्या दारान नको आनूस. तान्ही पोरं निजल्यान बाजूला." निघताना मात्र बोंबलांची पिशवी हँडलला अडकवलीच.

माहुलमधून बाहेर पडताना तो रस्ता टँकरवाल्यांचा आहे. डाव्या अंगाला टँकरची रांग उभी, उजवीकडून चालते टँकर. पुढे स्पीडब्रेकर दिसला म्हणून मी रेस पूर्ण सोडली, क्लच दाबला आणि इंजिन गप्प झालं. आचका नाही, आवाज नाही. हातातलं हँडल अचानक मेल्यासारखं वाटलं. ब्रेकरवरून गाडी घरंगळत उतरली आणि रस्त्याच्या मध्ये थांबली.

मी सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पण पकडेना. पुन्हा मारला. पेट्रोलचा वास नाकात गेला. मागून हॉर्न आला, लांबलचक, आणि मग हवेच्या ब्रेकचा तो फुस्स आवाज. मी मागे बघितलं नाही. बायकोने बघितलं. एका हाताने मुलीला दंडाला धरून तिने मागल्या मागे खेचलं आणि दोघी डावीकडच्या उभ्या टँकरच्या आडोशाला पळाल्या. पिशवी खाली पडली, बोंबील रस्त्यावर पसरले. मी दोन्ही पाय जमिनीला टेकवून तसाच बसलेलो.

टँकर थांबला. त्याचा बंपर आणि माझी नंबरप्लेट यांच्यात हातभर अंतर होतं. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून माझ्याकडे बघितलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्याचाच चेहरा पांढरा पडला होता.

मी गाडी ढकलत कडेला आणली. मुलगी रडत नव्हती, आईच्या ओढणीचं टोक तोंडात धरून उभी होती. बायकोचा आवाज अगदी शांत होता.

"तू ये गाडी घेऊन. आम्ही रिक्षाने जातो."

"गरम झाली असेल गं. पाच मिनिटं थांब, होईल चालू."

"होऊ दे."

ती गेली. पाच मिनिटांनी गाडी खरंच चालू झाली, आणि त्याचा मला इतका राग आला की मी टाकीवर मूठ मारली.

पुढचे दिवस घरात सगळं नीट होतं. डबे भरले जात होते, शाळेच्या वहीवर सह्या होत होत्या. फक्त ती कामावर बाईकने जात नव्हती आणि त्याबद्दल एक शब्द काढत नव्हती. मीही नाही. कामावर लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरलो, की मला तो फुस्स आवाज आठवायचा आणि मी हातातलं काम दोनदा तपासायचो. आपल्या घरचं सोडून लोकांच्या घरचं.

बरोबरच्या एकाने मुलुंडच्या एका ट्यूनरचा पत्ता दिला. एका जुन्या औद्योगिक वसाहतीत गाळा, माणूस पन्नाशीच्या पुढचा, इंजेक्शनच्या गाड्यांचं डोकं आहे म्हणाला. मी फोन केला. रविवारी सकाळी लवकर या, रस्ता मोकळा असतो, असं त्याने सांगितलं. जेवताना मी बायकोला म्हटलं, "रविवारी गाडी ट्यूनिंगला नेतोय. मुलुंडला."

"सर्व्हिस सेंटरला का नाही? त्यांनीच बिघडवलं ना?"

"त्यांना नाही जमत हे."

तिने पोळीचा तुकडा मोडला. "मी येते. पिल्लूला शनिवारी आईकडे सोडू."

नको म्हणायला कारण सापडेना.

शनिवारी संध्याकाळी मुलीला सोडून आल्यावर मी पार्किंगमध्ये उतरलो. विचार सोपा होता. डबी काढायची, खोटा प्लग काढायचा, सेन्सरची वायर जोडायची. दहा मिनिटांचं काम. उद्या ट्यूनर बघेल तेव्हा फक्त सायलेन्सर असेल. मी सीट उघडली. डबी वायरींच्या गुंत्यात चिकटपट्टीने बांधलेली होती, माझ्याच हातांनी. पट्टीचं टोक नखाने उचलत होतो तेवढ्यात वरून हाक आली.

"काय करतोयस रे?"

ती दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत उभी होती.

"चेन बघतोय."

चेन सीटखाली नसते, हे तिला कळत असेल की नाही, मला माहीत नाही. ती खिडकीतून हलली नाही. मी सीट बंद केली आणि वर आलो.

मुलुंडच्या गाळ्यात सकाळी आम्ही दोघंच गिऱ्हाईक. ती माझ्या मागे बसून आली नव्हती, रिक्षाने आली होती. ट्यूनरच्या कमरेला रुंद पट्टा होता, मणक्याचा त्रास. त्याने तिला प्लास्टिकची खुर्ची दिली. ती बसली नाही. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, पाइपाजवळ वाकला, कण्हत उठला.

"काय काय केलंय गाडीला?" त्याने विचारलं.

"सायलेन्सर. बाकी काही नाही."

त्याने किल्ली मागितली, सीट उघडली आणि बघत राहिला. मग त्याने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्या माणसाला सगळं समजलं होतं, असं मला अजून वाटतं. कारण त्याने प्रश्न विचारला तोच मुळी मला वाट ठेवून.

"ही डबी सर्व्हिस सेंटरवाल्यांनी लावली का?"

हो म्हटलं असतं तर संपलं होतं. तो पुढे विचारणार नव्हता. ती माझ्या डाव्या बाजूला उभी होती, मला तिची चप्पल दिसत होती.

"नाही," मी म्हणालो. "मी लावली. सर्व्हिस सेंटरला मी गेलोच नव्हतो."

शेजारच्या गाळ्यात कोणीतरी शटर उघडत होतं.

बायकोने माझ्याशी नाही, ट्यूनरशी बोलणं सुरू केलं. "ती डबी काय करते?"

"पेट्रोल वाढवते, ताई. आणि हा प्लग बघा. इथे खरं तर सेन्सर लागतो. हा लावला, की गाडीला कळतच नाही आपण काय जाळतोय ते."

"म्हणून बंद पडली?"

"कमी रेसला पेट्रोल फार जास्त. रेस सोडली की इंजिन बुडतं त्यात." त्याने टॉर्च पाइपाच्या तोंडाशी मारला. जोडावर काळा फराटा उमटलेला होता. "आणि मूळ दुखणं हे. पॅकिंग जुनं आहे. इथून बाहेरची हवा आत जाते, फटाके त्याचे. तुम्ही पेट्रोल वाढवत बसलात."

ती गाळ्याच्या बाहेर गेली. मी मागोमाग गेलो. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"लिफ्टमध्ये असं केलं असतंस?" तिने विचारलं. "दरवाज्याचा सेन्सर काढून, खोटा प्लग लावून, लोकांना आत बसवलं असतंस?"

आमच्या धंद्यात याहून मोठा गुन्हा नाही. असं करणाऱ्या एका माणसाला मी स्वतः साइटवरून घालवलं होतं आणि घरी येऊन तिला अभिमानाने सांगितलं होतं.

"नाही," मी म्हणालो.

"मध्ये पोर बसली होती."

ती म्हणाली, "जा आत. काम करून घे आधी."

ट्यूनरने डबी काढली, खोटा प्लग काढला, नवं पॅकिंग बसवलं, सेन्सरची वायर जोडली. मग पाइपाला स्वतःचा एक सेन्सर लावला आणि त्याची वायर हँडलजवळच्या छोट्या मीटरला आणली. लॅपटॉप जोडला. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे किती भाग जळतात, तो आकडा मीटरवर येतो. रमतगमत चालवताना साडेचौदाच्या आसपास हवा. पूर्ण रेस दिली की तेराच्या जवळ यायला हवा. पूर्ण रेसला पंधरा दिसले तर इंजिन आतून भाजतंय, लगेच सोडायचं.

"चालवणाऱ्याने मीटर बघायचा नाही. रस्ता बघायचा," तो म्हणाला. "एरवी मी मागे बसून आकडे वाचतो. पण आता कंबर नाही म्हणते, आणि माझा पार्टनर गावाला गेलाय. आकडे लॅपटॉपमध्ये नोंदले जातील, पण चालू गाडीवर कोणीतरी बघणारा हवा. पुढच्या आठवड्यात करू?"

"मी बसते," बायको म्हणाली.

मी वळून बघितलं. ती हेल्मेटचा पट्टा लावत होती.

"तू कशाला गं? नको."

"आकडे वाचायचंच काम करते मी," ती म्हणाली. "आणि बंद पडली तेव्हा मी मागे होतेच ना. वजन तेवढंच हवं ना, काका?"

ट्यूनर म्हणाला, "तेवढंच हवं."

त्याने मीटर हँडलवरून काढून लांब वायरीने तिच्या हातात दिला, लॅपटॉप तिच्या पाठीवरच्या सॅकमध्ये. मुलुंडहून ऐरोलीकडे जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना मिठागरं आणि खारफुटी. रविवारची सकाळ, गाड्या तुरळक. पहिली फेरी सावकाश. ती माझ्या उजव्या कानाशी ओरडत होती, "चौदा चार. चौदा सहा. चौदा पाच." तीन आठवड्यांत ती माझ्याशी सलग एवढं बोलली नव्हती, आणि बोलत होती ते फक्त आकडे.

मग तिसरा गिअर, पूर्ण रेस. मी आरशात बघितलं, मागे कोणी नव्हतं. मनगट वळवलं. गाडीने ओढ घेतली.

"तेरा आठ. चौदा. चौदा पाच. चौदा नऊ. पंधरा! सोड! सोड!"

तिचा हात माझ्या पाठीवर दणकन बसला. मी रेस सोडली. आम्ही कडेला थांबलो.

"पंधरा दोन," ती म्हणाली. "माहुलला जाताना हायवेला तू एवढी पळवली होतीस. आठवतंय?"

आठवत होतं. वरच्या स्क्रूला मी हात लावला नव्हता. म्हणजे तेव्हाही असंच भाजत होतं, आणि मुलगी मध्ये बसून गाणं म्हणत होती.

गाळ्यात परतलो. ट्यूनरने लॅपटॉपवर फक्त पूर्ण रेसचे पेट्रोलचे आकडे बदलले, गाडीत उतरवले. दुसऱ्या फेरीत तेरा सहा आले. तो म्हणाला, अजून थोडं. पुन्हा बदल, पुन्हा फेरी. चौथ्या वेळी ती ओरडली, "तेरा एक. तेरा. तेरा एक," आणि पुढे सरळ तेवढंच राहिलं.

मला वाटलं, संपलं. ट्यूनर म्हणाला, "बंद कशी पडली होती, तसं करून बघा. गरम आहे तोवर. पन्नासला जा, रेस एकदम सोडा, क्लच दाबा."

या वेळी आम्ही निघालो तेव्हा रस्त्यावर वर्दळ वाढली होती. मागे लांबवर एक टँकर होता. पाण्याचा असावा, पण मला आरशात फक्त त्याचं नाक दिसत होतं. थांबावं असं वाटलं.

"टँकर आहे मागे," मी ओरडलो.

"बघितला. लांब आहे. डावीकडे घे आणि कर."

मी डावीकडे घेतली. पन्नास. रेस सोडली, क्लच दाबला. इंजिनाचा आवाज खाली खाली गेला, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा हजाराच्या खाली उतरला, पायाखालची थरथर थांबल्यासारखी झाली. मी ब्रेककडे बोटं नेली. मागून काहीच ऐकू येईना.

"आकडा सांग," मी म्हणालो. "अगं, आकडा सांग ना!"

"तेरा नऊ," ती म्हणाली. "चालू आहे. चालू आहे रे."

काटा उचलला आणि बाराशेवर स्थिर झाला. तिने माझ्या जॅकेटची बाही गच्च धरली होती, दोन्ही मुठींनी. मीटर तिच्या मांडीवर पडला होता. टँकर आमच्या उजवीकडून शांतपणे निघून गेला.

तसं आम्ही सहा वेळा केलं. सहाव्यांदा मी थांबलो कारण तिने खांद्यावर टकटक केलं आणि म्हणाली, "बस. आता पोट दुखतंय माझं." आम्ही कडेच्या कठड्याला टेकून उभे राहिलो. तिने हेल्मेट काढलं. डोळे लाल होते. मी माफी मागितली. तिने ऐकून घेतली. "ठीक आहे" म्हणाली नाही, मान हलवली फक्त.

ट्यूनरने निघताना सायलेन्सरच्या तोंडात आवाज दाबणारी जाळी बसवली आणि बजावलं, की ही काढायची नाही. वर हेही सांगितलं, की कंपनीच्या सायलेन्सरमध्ये धूर साफ करणारा भाग असतो, तो यात नाही, आणि पकडलं तर पोलीस तुमचं ऐकणार नाहीत. पुढच्या महिन्यात मी जुना सायलेन्सर परत चढवला आणि त्याच्याकडूनच गाडी पुन्हा ट्यून करून घेतली. त्या वेळी काय काय उघडलं आणि काय काय बसवलं, ते मी बायकोला रात्री जेवताना सांगत बसलो. तिने पॅकिंग नवीन आहे का विचारलं. मी खिशातून जुनी रिंग काढून ताटाशेजारी ठेवली.

पण ते नंतरचं. त्या रविवारी मुलुंडहून आम्ही थेट माहुलला गेलो. बायको माझ्या मागे बसून आली, सबंध रस्ता. हायवेवर मी साठच्या वर गेलो नाही आणि तिने काही म्हटलं नाही. सासूबाई दारात मासे साफ करत बसल्या होत्या. आवाज कमी झाला हे त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी नुसती मान वर केली आणि पुन्हा कोयता चालवू लागल्या. मुलगी धावत आली आणि सवयीने सीटवर चढायला लागली.

बायकोने तिला उतरवलं.

"आज आपण रिक्षाने जायचं," तिने मुलीला सांगितलं. "बाबा मागून येतात."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो, मी मागून येतो." रिक्षा निघाली. मी बाईक चालू केली आणि चेंबूर, घाटकोपर, विक्रोळी करत नाहूरपर्यंत तिच्या मागे मागे राहिलो, मध्ये एकही गाडी येऊ न देता.